चव सांगणारं माणूस

६ एप्रिल

कारखाना सुटल्यापासून लिहिणं बंद होतं, ते आज पुन्हा सुरू करते. जॅमच्या कारखान्यात चव-खोलीत होते तेव्हा रोज संध्याकाळी लिहून द्यावं लागायचं, कुठला घाणा कसा जमला, कुठे साखर करपली, कुठे फळ कच्चं गेलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जॅमबद्दल लिहिलं. आता स्वतःच्या फळांबद्दल लिहीन. इथे कोणी साहेब वाचणार नाही, तेव्हा खरं लिहीन.

खरं हे, की मला वास येत नाही. हिवाळ्यात ताप आला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू कळतं, बस. डोळे मिटून खाल्लं तर पीच काय आणि सफरचंद काय, मला सारखंच. चव-खोलीत अशा बाईचं काय काम? मी कोणाला काही न सांगता राजीनामा दिला. साहेबांना वाटलं, बाईंना दुसरीकडे जास्त पगार मिळाला. म्हटलं, वाटू दे.

आता पोटापाण्याचं बघायला हवं. हे जाऊन तीन वर्षं झाली. घरात मी आणि सासूबाई, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. नणंद दर फोनला म्हणते, "वहिनी, आईला माझ्याकडे पाठव. तुझंच तुला भागेना." नणंद वाईट नाही, पण तिचं गाव लांब. सासूबाई गेल्या तर मी भिंतींशी बोलायचं. आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड आहोत असंही नाही. पण सकाळी समोर बसून चहा पिणारं माणूस लागतं.

चौकातल्या केकच्या दुकानाचे मालक मला कारखान्यापासून ओळखतात. त्यांना हिवाळ्यातल्या केकसाठी ब्रँडीत मुरवलेली फळं हवी आहेत. "बाजारची बरणी उघडली की रबर चावल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "तुम्ही घरी करून द्या. तुमच्या नाकावर माझा डोळे झाकून विश्वास." मी हो म्हटलं. नाकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

११ एप्रिल

स्ट्रॉबेरी भरली. कृती पाठ आहे. फळ कोरडं, निवडक, नुकतं पिकलेलं. बरणीत फळाचा थर, साखरेचा थर, पुन्हा फळ, आणि वरून सगळं बुडेल एवढी ब्रँडी. फळ तरंगतं, म्हणून आत एक छोटी बशी पालथी घालायची. हवेला उघडं पडलेलं एक फळ सगळ्या बरणीला बिघडवतं. साखर विरघळेपर्यंत बरणी रोज हलवायची आणि मग अंधाऱ्या कपाटात ठेवून तिला विसरायचं.

हे सगळं हातांना येतं. पण केव्हा मुरलं आणि केव्हा बिघडलं, ते हातांना कळत नाही. बरणीचं झाकण काढून मी आज कितीतरी वेळ वाकून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते ब्रँडीच्या झणक्यानं. नाकात मात्र शुकशुकाट.

१९ एप्रिल

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. मी कपाट उघडून बसले होते. त्या म्हणाल्या, "त्या कडेच्या बरणीत काहीतरी रुसलंय."

"रुसलंय म्हणजे?"

"वास बघ की. ओल्या पायपुसण्यासारखा."

मी बरणी ओतून पाहिली. तळाशी एक स्ट्रॉबेरी आतून सडलेली निघाली. माझ्या हातून निवडताना सुटली होती.  मग सांगूनच टाकलं. ताप, नाक, राजीनामा, केकवाले, सगळं.

त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातून दूध करपलं तरी तू इतके महिने मुकाट पितेस, ते समजूतदारपणानं नव्हे तर. मला वाटलं, सून सुधारली."

मी हसले. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र हसलो असू असं आठवत नाही.

२२ एप्रिल

सासूबाईंना चव घ्यायला शिकवलं. फळाचा तुकडा आणि चमचाभर रस तोंडात घ्यायचा, घोळवायचा, नाकानं श्वास सोडायचा, आणि वाडग्यात थुंकायचं. गिळायचं नाही. कारखान्यात आम्ही सगळ्या तसंच करायचो, नाहीतर दुपारपर्यंत जॅमनंच पोट भरलं असतं.

"अन्न थुंकायचं?" त्या म्हणाल्या. "तुमच्या कारखान्यात थुंकत असतील. मी नाही."

"आई, ही दारू आहे."

"दारूत फळ आहे ना? मग अन्नच. तोंडात घेतलेलं मी आजवर टाकलं नाही. तापात कडू औषधसुद्धा टाकलं नाही."

त्यांनी गिळलं, जरा ठसका लागला, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "अजून दोघं भांडतायत. फळ एकीकडे, दारू एकीकडे. राहू दे." मी वाडगा कोरडाच परत ठेवला. जन्मात दारूला न शिवलेल्या बाई. गंमत वाटली.

८ मे

चेरी आली. देठ अर्धा कापायचा आणि प्रत्येक चेरीला सुईनं टोचायचं, म्हणजे ब्रँडी आत शिरते आणि साल सुरकुतत नाही. सासूबाईंनी चष्मा लावून दिवसभर चेऱ्या टोचल्या. स्वयंपाकघरात आता त्यांचा स्टूल कायमचा झाला आहे. पूर्वी दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायच्या. आता मी बाजारातून आले की पिशवीत आधी हात त्यांचा.

त्यांची चव सांगायची भाषाच निराळी. कारखान्यात आम्ही 'आम्लता कमी', 'सुगंध मध्यम' असं लिहायचो. या म्हणतात, "ही बरणी पाहुण्यासारखी अवघडून बसलीय." "याला अजून घर सापडलं नाही." आणि ते बरोबर असतं. कशावरून बरोबर, मला सांगता येणार नाही, पण मी त्याप्रमाणे साखर घालते, दिवस वाढवते, आणि रंग सुधारतो.

१७ मे

सासूबाई आज एकट्याच बसनं डॉक्टरकडे जाऊन आल्या. गुडघा दुखतो म्हणून. रक्तही तपासायला दिलं होतं म्हणे, मला पत्ताच नव्हता. मी येते म्हटलं होतं, तर म्हणाल्या, "तू जर्दाळू बघ. मी काय हरवणार आहे?" परत आल्या त्या चपला न काढता बाहेरच्या खुर्चीत बसून राहिल्या. काय म्हणाले विचारलं, तर म्हणाल्या, गोळी बदलली.

संध्याकाळी अचानक विचारलं, "तुझं नाक परत येईल का गं?"

"येईल किंवा नाही येणार. कोणी खात्रीनं सांगत नाही."

"आणि त्या केकवाल्याला कळलं तर?"

"तर काय, काम गेलं. या वयात कुठेतरी नोकरी शोधायची. आणि तुम्हाला लेकीकडे जावं लागेल, आई. एवढ्यात दोघींचं कसं निघणार?"

"हं," म्हणाल्या. उठून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आण ती चेरी. बघू काय म्हणते."

जेवणाआधीच चव घेतली. मी चिडवलं की आई, तुम्हाला चटक लागली. त्या म्हणाल्या, "लागली खरी."

३ जून

नणंदेचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आई तुला काही म्हणाली का?" मी म्हटलं, कशाबद्दल? "नाही, असंच. तिच्या तब्येतीबद्दल." तब्येत उत्तम आहे, म्हटलं, कामात आहेत. तिनं फोन ठेवला. मला कळतं ती बोलणं कुठे नेते आहे. आईला न्यायचं निमित्त शोधते आहे.

१ जुलै

गेल्या आठवड्यात मोठं नुकसान होता होता वाचलं. जर्दाळूला दारूच्या दुकानदारानं दुसरीच ब्रँडी दिली होती, कमी जोराची. जर्दाळूचं पाणी सुटलं की ती आणखी पातळ होते आणि रस फसफसायला लागतो. मला बुडबुडे दिसायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "हे जिवंत झालंय. आत कोणीतरी कुजबुजतंय." त्यांनी सगळ्या जर्दाळूच्या बरण्या एकेक करून चाखल्या आणि बिघडलेल्या बाजूला काढल्या. उरलेल्यांत मी कडक ब्रँडी वाढवली, आणि पुढे आठवडाभर त्या रोज तपासत होत्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

त्या दमल्यासारख्या वाटतात. दुपारी झोपतात, तशा पूर्वी कधी झोपत नसत. मी म्हटलं, विश्रांती घ्या, तर रागावल्या. "मग काय खिडकीत बसू?"

१४ जुलै

नमुने घेऊन केकवाल्यांकडे गेले. त्यांनी चेरी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "काय म्हणाल हिला?" त्यांनी विचारलं. मी सासूबाईंचे शब्द जसेच्या तसे म्हटले, "आता बसलीय. पाय पसरून, स्वतःच्या घरात बसल्यासारखी." ते इतके खूश झाले की नोकराला हाक मारून पुन्हा म्हणायला लावलं. "याला म्हणतात जाणकार," म्हणाले. मी नाक वर करून बाहेर पडले आणि कोपऱ्यावर येईपर्यंत लाजेनं अर्धी झाले.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाईंना वाईट वाटेल असं वाटलं होतं, त्यांचे शब्द आणि नाव माझं. पण त्यांनी दोनदा विचारलं, "खरंच पुन्हा म्हणायला लावलं?"

आता हिवाळ्यापर्यंतचं सगळं काम आपल्याकडे. नणंदेला सांगायला हवं, आमचं छान भागतं आहे.

५ ऑगस्ट

सासूबाईंना अंगाला खाज सुटते आहे. मी साबण बदलला. दंडावर एक काळानिळा डाग दिसला, विचारलं तर म्हणाल्या, कपाटाचं दार लागलं. गाऊन पोटावर ओढला जातो, पण जेवण तर चिमणीएवढं. त्यांच्या खोलीतला नवा दिवा बदलायला हवा, त्याच्या उजेडात माणूस पिवळट दिसतं.

पीच भरले. उकळत्या पाण्यात बुडवून साल काढायची, हाताला चटके बसतात. लवंगेचा एकच दाणा प्रत्येक बरणीत. सासूबाईंच्या मते तोसुद्धा जास्त.

२३ ऑगस्ट

नणंद आली होती, न कळवता. आईला मिठी मारली आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "वहिनी, आईच्या तोंडाला वास येतो. गोडूस, कसलातरी. तुला नाही जाणवत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, चव घेतात ना, ब्रँडीचा असेल. ती म्हणाली, "ब्रँडीचा नाही हा." मी विषय बदलला. काय सांगणार? माझं नाक गेलंय हे तिला कळलं तर केकवाल्यांना कळायला कितीसा वेळ?

दुपारी दोघी मायलेकी दार लावून बसल्या. आतून नणंदेचा आवाज चढत होता, आईचा नाही. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी म्हटलं, जेवून जा. ती म्हणाली, "नको. गाडी आहे." दारात वळून म्हणाली, "सांभाळ तिला." आणि गेली.

सासूबाई म्हणाल्या, "चल म्हणत होती. मी नाही म्हटलं." एवढंच. मला मनातून फार बरं वाटलं. मी आलं घालून कडक चहा केला.

९ सप्टेंबर

काहीतरी बिनसलं आहे. आलुबुखाराच्या बरणीत सासूबाईंनी साखरेऐवजी मीठ घातलं. पूर्ण बरणी फेकली. मी काही बोलले नाही. संध्याकाळी त्यांनी मला यांच्या नावानं हाक मारली, मग हसल्या आणि म्हणाल्या, जीभ घसरली.

१३ सप्टेंबर

जीभ घसरतेच आहे. बोलताना शब्द जड येतात, हात थरथरतात, दिवसा झोपतात. आज दुपारी मी बाजारातून आले तर कपाटासमोर जमिनीवर बसलेल्या, झाकणं उघडी, चमचा हातात. डोळे तारवटलेले. ब्रँडीची बाटली शेजारी. बाटली किती भरलेली होती ते मला आठवेना, पण माझा संशय पक्का झाला. घरात मुरवता मुरवता म्हातारी प्यायला लागली.

मी नको ते बोलले. "आई, चव घेणं वेगळं आणि पिणं वेगळं. शेजारीपाजारी काय म्हणतील? तुमच्या मुलीला काय तोंड दाखवू?" आणखीही बोलले, ते लिहीत नाही.

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. काही सांगायचं असावं, तोंड उघडलं होतं. मग म्हणाल्या, "बरं. लाव कुलूप."

मी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, भूक नाही. मीही आग्रह केला नाही. राग होता.

१६ सप्टेंबर

हॉस्पिटलमध्ये लिहिते आहे. परवा सकाळी त्या उठेनात. हलवलं, हाका मारल्या, डोळे उघडले पण मला ओळखलं नाही. पांघरुणावर रक्ताची उलटी. शेजारच्यांनी गाडी काढली.

डॉक्टर वयानं लहान आहेत, बोलायला शांत. म्हणाले, यकृत गेलं आहे. तरुणपणी कधी कावीळ झाली असेल, तेव्हापासून आत आत खराब होत आलेलं. मी म्हटलं, त्यांना काही नव्हतं, गुडघ्याची गोळी होती. डॉक्टरांनी संगणकात पाहिलं, त्या याच हॉस्पिटलात आल्या होत्या. मे महिन्यातच त्यांना सगळं समजावून सांगितलेलं आहे. दर महिन्याला तपासायला यायला सांगितलं होतं, त्या आल्या नाहीत. आणि एक थेंबही दारू नको, असं ठळक लिहिलं आहे.

मी विचारलं, "ते बोलताना अडखळणं, मीठ आणि साखर?"

"यकृत साफ करत नाही ते डोक्यात जातं. घरच्यांना वाटतं माणूस प्यायलं आहे."

मग त्यांनी सहज म्हणून विचारलं, "श्वासाला वास यायचा ना, गोडसर, उग्र? बऱ्याचदा घरच्यांना तोच आधी कळतो."

मी म्हटलं, हो. खोटं बोलले. काय सांगू, की घरात नाक एकच होतं आणि ते त्यांचंच होतं?

१७ सप्टेंबर

डॉक्टरांना गाठून विचारलं. एक तुकडा, चमचाभर रस, दिवसातून इतक्यांदा, इतके महिने. त्यानं किती फरक पडला? ते म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित तसंही याच वाटेनं गेलं असतं, कदाचित दोन-तीन वर्षं मिळाली असती. मी म्हटलं, नक्की सांगा. ते म्हणाले, नक्की मला माहीत असतं तर सांगितलं असतं.

नणंदेला कळवलं आहे. तिला उद्याची गाडी मिळाली आहे.

१८ सप्टेंबर

सासूबाई आज थोडा वेळ शुद्धीवर होत्या. मला ओळखलं. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "आई, मला का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "पेअर आले का बाजारात?"

म्हटलं, आले.

"कच्चे घे. पिकलेले घेतलेस तर लगदा होईल."

म्हटलं, तुम्ही बऱ्या व्हा, मग दोघी जाऊन घेऊ. त्यांनी मान हलवली, ती हो की नाही ते मला कळलं नाही. मी कुलपाबद्दल माफी मागणार होते. तेवढ्यात नर्स आली, सुई लावली, आणि त्या झोपल्या.

१९ सप्टेंबर

सकाळी गेल्या. नणंद पोहोचली तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. माफी मागायची राहिली.

२८ सप्टेंबर

लिहायला हात धजत नव्हता. नणंद आठवडाभर इथेच राहिली. आज निघण्याआधी आम्ही दोघी सासूबाईंचे कपडे आवरत होतो. मी तिला सगळं सांगितलं. माझ्या नाकाचं, चव घेण्याचं, कुलपाचं. म्हटलं, तुझी आई माझ्यामुळे गेली. तुला जे बोलायचं ते बोल.

ती कपड्यांची घडी करत राहिली. म्हणाली, "मला माहीत होतं, वहिनी. मे महिन्यातच तिनं फोन केला होता. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं आणि तुझ्या नाकाचंही. ऑगस्टमध्ये आले ती तिला न्यायलाच आले होते. मी ओरडले, रडले. म्हटलं, मी आत्ता वहिनीला सांगते. तर माझं मनगट धरून बसली. म्हणाली, तिला सांगितलंस तर ती त्याच क्षणी बरण्या मोरीत ओतेल आणि मला तुझ्या हवाली करेल. मग ती एकटी काय करेल?"

"पण तू सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "सांगायचं होतं. म्हटलं, माझ्याकडे चल, मी जपेन, चार वर्षं जास्त जगशील. तर म्हणते कशी, तुझ्याकडे मी पाहुणी. इथे मला विचारल्याशिवाय साखर पडत नाही."

मग तिनं घडी केलेले कपडे तसेच मांडीवर ठेवले. म्हणाली, "इकडे येताना गाडीत सारखी तुला बोलायचे शब्द जुळवत होते. तू बाकावर बसलेली दिसलीस आणि सगळे विसरले."

मला सासूबाईंचा राग येतो आहे. हे लिहायलाच हवं. तुमच्याशिवाय मी एकटी पडेन म्हणून मी तुम्हाला धरून ठेवलं, आणि मी एकटी पडेन म्हणून तुम्ही राहिलात, आणि राहण्यासाठी जे केलंत त्यानंच गेलात. एकदा तोंड उघडून बोलला असतात तर दोघींनी मिळून काहीतरी काढलं असतं. मी लोकांची भांडी घासली असती. पण तुम्ही बोलला नाहीत आणि मी तुम्हाला दारुडी म्हटलं.

नणंद म्हणाली, चल माझ्याकडे. मी नाही म्हटलं.

१० ऑक्टोबर

बरण्या तशाच आहेत. रंग सुरेख आहे. चेरीचा रस गडद झाला आहे, जर्दाळू काचेतून मधाळ दिसतात. पण काय झालंय आत, भांडण मिटलंय की रुसवा आहे, कोण सांगणार? आज एक पीच काढून खाल्लं. गोड लागलं आणि घशात जाळ झाला. बाकी काही नाही.

१६ ऑक्टोबर

आज केकवाल्यांकडे गेले. नमुन्याच्या बरण्या समोर ठेवल्या. ते दुःखाचे दोन शब्द बोलले, मग बरणी उघडली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "हिला काय म्हणाल?"

मी म्हटलं, "मला काही म्हणता येत नाही. मला वास येत नाही, हिवाळ्यापासून. तुम्हाला जे जे सांगितलं ते माझ्या सासूबाईंचं होतं. फळ निवडायचं त्यांनी, साखर ठरवायची त्यांनी, मी नुसती हातानं करत होते. तुम्हाला फसवलं. काम काढून घ्या."

 दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यांनी नोकराला खूण केली. मग चमच्यानं एक चेरी काढून खाल्ली, सावकाश.

"चांगली आहे," ते म्हणाले. "का चांगली ते मला नाही सांगता येत त्यांच्यासारखं. पण चांगली आहे." रुमालानं बोटं पुसली. "हा हंगाम आपण पुरा करू. पुढच्या वर्षाचं बघू. मला फळ तुमच्याच हातचं हवंय. फक्त चाखायला कोणीतरी लागेल. घरात दुसरं कोण आहे?"

त्यांनी सरळपणे विचारलं होतं. आजवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, कारण विचारायची वेळच आली नव्हती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि सवयीनं 'आई आहेत' असं येणार होतं.

"घरात कोणी नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी मला खुर्ची दिली आणि मी तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, पुष्कळ वेळ रडले.